रॉबर्ट डॉलर
रॉबर्ट डॉलर (२० मार्च, इ.स. १८४४:फॉल्कर्क, स्कॉटलंड - १६ मे, इ.स. १९३२:सॅन रफायेल, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले अमेरिकी लाकूड-व्यापारी, जहाजमालक आणि दानशूर गृहस्थ होते. कॅनडाच्या जंगलातील लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाक्याच्या हाताखालचा पोऱ्या म्हणून त्यांनी कामास आरंभ केला. पुढे ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख लाकूड-निर्यातदार झाले. आपले लाकूड वाहून नेण्यासाठी घेतलेल्या एका लहान आगबोटीतून त्यांची जहाज कंपनी उभी राहिली. या कंपनीने इ.स. १९२४ मध्ये ठरावीक वेळापत्रकानुसार पृथ्वीप्रदक्षिणा करणारी प्रवासी जहाजसेवा सुरू केली. त्यांच्या जहाजांच्या धुरांड्यांवर डॉलरचे पांढरे चिन्ह रंगवलेले असे. जहाजाचा कप्तान म्हणून त्यांनी कधीही काम केले नव्हते. तरीही ते सर्वत्र कॅप्टन डॉलर याच नावाने ओळखले जात.

पार्श्वभूमी

डॉलर हे आडनाव अमेरिकी चलनावरून आलेले नाही. स्कॉटलंडच्या क्लॅकमननशायर परगण्यात याच नावाचे एक जुने गाव आहे. हे गाव फॉल्कर्कपासून फार दूर नाही.

फॉल्कर्क हे शहर फोर्थ-क्लाइड कालव्याच्या काठी वसलेले आहे. हा कालवा फोर्थच्या खाडीवर ज्या ठिकाणी उघडतो तेथे ग्रेंजमाउथ बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात या बंदरात बाल्टिक समुद्राकाठच्या देशांतून आणि उत्तर अमेरिकेतून इमारती लाकूड येत असे. कालव्याने ते आतल्या भागातील वखारींत, कारखान्यांत आणि बांधकामांवर पोहोचे. नेपोलियनशी झालेल्या युद्धाच्या काळात बाल्टिककडून येणारे लाकूड दुर्मीळ झाल्यावर ब्रिटनने आपल्या कॅनडातील वसाहतींकडे मोर्चा वळवला. बाहेरच्या लाकडावर जबर जकात आणि वसाहतींच्या लाकडास सवलत, असे धोरण पुढे अनेक वर्षे चालले. या धोरणामुळे स्कॉटलंडमधील अनेक व्यापारी घराणी कॅनडाच्या लाकडाच्या धंद्यात शिरली आणि त्यांच्या मागोमाग हजारो कष्टकरी स्कॉट कुटुंबे अटलांटिक ओलांडून गेली. डॉलर कुटुंबाचे स्थलांतर याच प्रवाहाचा भाग होते.

बालपण

रॉबर्ट यांचा जन्म विल्यम डॉलर आणि मेरी मेलव्हिल या दांपत्याच्या पोटी झाला. वडील फॉल्कर्कमधील लाकडाच्या एका वखारीचे व्यवस्थापक होते आणि कुटुंब वखारीच्या कचेरीवरच्याच घरात राहत असे. लाकडाचा वास, करवतीचा आवाज आणि कालव्यातून येणाऱ्या होड्या यांच्या सान्निध्यात त्यांचे पहिले दिवस गेले.

रॉबर्ट लहान असतानाच आईचा मृत्यू झाला. घराची घडी विसकटली आणि वडिलांचे लक्ष उडाले. बाराव्या वर्षी शाळा सोडून रॉबर्ट यांना यंत्रशाळेत काम धरावे लागले. त्यानंतर त्यांनी लाकूड-व्यापाऱ्याच्या कचेरीत किरकोळ कामे केली. औपचारिक शिक्षण येथेच संपले. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि इ.स. १८५८ मध्ये कुटुंबासह कॅनडाचा रस्ता धरला. त्या वेळी रॉबर्ट चौदा वर्षांचे होते.

कॅनडातील लाकूडतळ

डॉलर कुटुंब ओटावा नदीच्या खोऱ्यात स्थायिक झाले. रॉबर्ट यांना पहिले काम मिळाले ते पिंपांच्या फळ्या तयार करणाऱ्या कारखान्यात. त्यानंतर त्यांची रवानगी उत्तरेकडील दूरच्या जंगलातील लाकूडतळावर झाली. तेथे स्वयंपाक्याला मदत करणे, पाणी भरणे, सरपण फोडणे आणि भांडी घासणे ही त्यांची कामे होती.

त्या काळातील लाकूडतळाचे वर्ष ऋतूंवर चालत असे. शरद ऋतूत मजुरांच्या टोळ्या जंगलात जात आणि ओंडक्यांच्या भिंतींच्या एकाच मोठ्या झोपडीत सगळा हिवाळा काढत. पांढऱ्या पाइनची उंच झाडे कुऱ्हाडीने पाडली जात. ब्रिटनला पाठवायचे लाकूड रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने चारी बाजूंनी तासून चौकोनी केले जाई, म्हणजे जहाजाच्या पोटात ते फट न राहता रचता येई. बर्फावरून घोडे आणि बैल ते ओढत गोठलेल्या नदीकाठी आणत. वसंतात बर्फ वितळून नद्यांना पूर आला की लाकूड प्रवाहात सोडले जाई. ओंडके खडकांत अडकले म्हणजे माणसे त्यांच्यावर चढून हुकाच्या दांड्यांनी गुंता सोडवीत. या कामात पाय घसरून अनेकांचे प्राण जात. मोठ्या नदीत पोहोचल्यावर लाकडाचे तराफे बांधले जात आणि ते क्वेबेकच्या बंदराकडे नेले जात. तेथून शिडाची जहाजे ते लिव्हरपूल, ग्लासगो अशा बंदरांना घेऊन जात.

तळावर बहुसंख्य मजूर फ्रेंचभाषक होते. रॉबर्ट त्यांच्याकडून फ्रेंच शिकले. रिकाम्या वेळात ते लिहिण्याचा आणि आकडेमोडीचा सराव करीत. तळाचे व्यवस्थापक हायरम रॉबिन्सन यांनी एकदा त्यांना असा अभ्यास करताना पाहिले. कामचुकारपणाबद्दल रागवण्याऐवजी त्यांनी या मुलाला उत्तेजन दिले आणि पुढे तळाचे हिशेब त्याच्याकडे सोपवले. रॉबर्ट डॉलर यांनी आयुष्यभर या प्रसंगाला आपल्या उत्कर्षाची पहिली पायरी मानले. विशीत असतानाच ते मजुरांच्या टोळीचे मुकादम झाले. झाडे पाडणे, ओंडके नदीतून नेणे, माणसे सांभाळणे आणि हिशेब ठेवणे या धंद्याच्या चारही अंगांचा अनुभव त्यांना आता मिळाला होता.

स्वतंत्र व्यवसाय आणि कर्जफेड

इ.स. १८७२ मध्ये डॉलर यांनी साठवलेल्या पैशांतून आणि कर्ज काढून भागीदारीत स्वतःचा लाकूड व्यवसाय सुरू केला. लगेचच इ.स. १८७३ चे आर्थिक संकट आले. अमेरिकेतील बँका आणि रेल्वे कंपन्या कोसळल्या, बांधकामे थांबली आणि लाकडाचे भाव घसरले. लाकडाच्या धंद्यात पैसा फार काळ अडकून पडतो. हिवाळ्यात मजुरी आणि शिधा यांवर खर्च होतो. माल मात्र पुढच्या उन्हाळ्यात विकला जातो. मधल्या काळात भाव पडल्यास लहान व्यापाऱ्याचा बचाव होत नाही. डॉलर यांचा व्यवसाय बुडाला.

दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. ते पुन्हा पगारी मुकादम झाले आणि पुढील काही वर्षांत त्यांनी सर्व देणी फेडली. याच खडतर काळात, इ.स. १८७४ मध्ये, त्यांचा मार्गारेट प्राउडफूट यांच्याशी विवाह झाला. कर्जफेडीमुळे त्यांची पत वाढली. हरमन हेन्री कुक या लाकूड-व्यापाऱ्याने त्यांना भागीदार म्हणून घेतले. ऑन्टारियोतील ब्रेसब्रिज हे या काळात त्यांच्या व्यवहाराचे केंद्र होते. चौकोनी तासलेले लाकूड ब्रिटनला पाठवण्याच्या व्यापारात त्यांनी येथे चांगला जम बसवला.

मिशिगन

कॅनडातील सोयीची जंगले विरळ होत चालली होती. इ.स. १८८२ मध्ये डॉलर यांनी सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मार्क्वेट येथे मुक्काम हलवला. सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेस पांढऱ्या पाइनची मोठी जंगले अजून उभी होती. टाक्वामेनन नदीकाठी उभारलेल्या लाकूड कापण्याच्या गिरणीभोवती एक वस्ती वसली आणि तिला डॉलरव्हिल हे नाव मिळाले. ही वस्ती न्यूबेरी गावाजवळ आजही आहे.

मिशिगनमधील जंगलतोडीचा वेग प्रचंड होता. एका पिढीच्या आत तेथील बहुतेक जुने पाइन वृक्ष संपले आणि अनेक गिरणी-गावे ओस पडली. एका प्रदेशातील झाडे संपली की व्यापारी पुढच्या प्रदेशाकडे सरकत, अशीच उत्तर अमेरिकेतील लाकूड-व्यापाराची रीत होती. डॉलर यांची वाटचालही ओटावा, मिशिगन आणि पॅसिफिक किनारा अशी पश्चिमेकडे सरकत गेलेली दिसते. प्रकृतीसाठी सौम्य हवामान हवे, हेही त्यांच्या स्थलांतराचे एक कारण होते. इ.स. १८८८ मध्ये ते कुटुंबासह कॅलिफोर्नियात गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील सॅन रफायेल या गावी स्थायिक झाले. पुढे अखेरपर्यंत तेच त्यांचे गाव राहिले.

कॅलिफोर्निया आणि रेडवूड

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रेडवूड वृक्षांची जंगले आहेत. हे वृक्ष जगातील सर्वांत उंच वृक्षांपैकी असून त्यांचे लाकूड सहसा कुजत नाही आणि त्याला वाळवीही सहज लागत नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वाढीबरोबर त्याला मोठी मागणी आली होती. इ.स. १८९० च्या दशकात डॉलर यांनी मेंडोसिनो परगण्यातील युसाल येथील लाकूड-गिरणी विकत घेतली.

युसालची अडचण वाहतुकीची होती. डोंगराळ किनाऱ्यावर रेल्वे नव्हती आणि रस्तेही नव्हते. नैसर्गिक बंदर नव्हते; खडकांनी वेढलेल्या लहान लहान खाचा तेवढ्या होत्या. अशा ठिकाणी जहाज कसेबसे आत शिरे. कड्यावरून लाकडी घसरणीने किंवा तारेवरून लाकूड डेकवर उतरवले जाई. हवा बिघडली तर जहाज खडकावर आपटण्याचा धोका असे. भाड्याने घेतलेल्या जहाजांचे मालक या जोखमीसाठी भरमसाट भाडे आकारीत आणि जहाज वेळेवर येईल याची खात्रीही नसे.

यावर उपाय म्हणून डॉलर यांनी इ.स. १८९५ मध्ये न्यूजबॉय नावाची लहान लाकडी आगबोट विकत घेतली. भाड्याचा खर्च वाचला आणि परतीच्या फेरीत इतरांचा माल नेऊन उत्पन्नही मिळू लागले. जंगलातून बाजारापर्यंतची संपूर्ण साखळी आपल्या हाती असली तर धंद्यातील अनिश्चितता कमी होते, हा धडा त्यांनी यातून घेतला. एकामागून एक आगबोटी ताफ्यात येऊ लागल्या. मेलव्हिल, स्टॅन्ली, हॅरल्ड, ग्रेस अशी मुलांची नावे जहाजांना देण्याची प्रथा त्यांनी पाडली. आडनावासह ती जहाजांवर झळकत असत.

जहाजवाहतूक आणि आशियाशी व्यापार

इ.स. १८९७-९८ च्या सुमारास क्लॉन्डाइकमधील सोन्याच्या शोधामुळे आणि त्यापाठोपाठ अमेरिकेने फिलिपिन्स ताब्यात घेतल्यामुळे पॅसिफिक महासागरातील जहाजांची मागणी वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉलर यांची जहाजे किनारा सोडून महासागर ओलांडू लागली. इ.स. १९०२ पासून त्यांची कंपनी आशियाशी व्यापार करू लागली आणि स्वतः डॉलर पत्नीसह जपान, चीन व फिलिपिन्सचे दौरे करू लागले. असे दौरे त्यांनी पुढे उतारवयापर्यंत अनेकदा केले.

चीनला लाकडाची गरज होती. रेल्वेमार्ग, पूल, गोद्या आणि वाढणारी बंदर-शहरे यांसाठी ओरेगॉन, वॉशिंग्टन व ब्रिटिश कोलंबियातील डग्लस फरचे लांब व मजबूत लाकूड उपयुक्त होते. मुख्य प्रश्न होता तो परतीच्या मालाचा. लाकूड घेऊन गेलेले जहाज रिकामे परत आले तर फेरी तोट्यात जाते. डॉलर यांनी आशियातील बाजारांचा बारकाईने अभ्यास करून हा प्रश्न सोडवला. जपानमधून ओकचे लाकूड व रेल्वेचे स्लीपर त्यांनी अमेरिकेत आणले. इ.स. १९१० मध्ये चीनमधील हानयांग येथील पोलाद कारखान्याचे कच्चे लोखंड अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील आयर्नडेल येथे नेण्याच्या करारातही त्यांचा सहभाग होता.

त्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरील व्यापारी मंडळांचे प्रतिनिधिमंडळ चीनच्या दौऱ्यावर गेले. डॉलर त्यात सहभागी होते. चिनी व्यापाऱ्यांशी त्यांचे संबंध परस्परविश्वासाचे होते. चिनी व्यापारी दिलेला शब्द पाळतात, असा आपला अनुभव ते आवर्जून सांगत. अमेरिकेत चिनी स्थलांतरितांविरुद्ध कायदे असताना आणि जनमत कलुषित असताना हा सूर वेगळा होता. मात्र त्यामागे व्यापारी हितही होते. शांघायमध्ये कंपनीचे मोठे कार्यालय होते आणि तेथील कारभार त्यांचे पुत्र हॅरल्ड पाहत.

डॉलर्टन

पहिल्या महायुद्धाच्या काळात डॉलर यांनी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पुन्हा गिरणी उभारली. व्हॅंकूव्हरजवळ बरार्ड खाडीच्या उत्तर काठावर इ.स. १९१६ मध्ये त्यांनी जमीन घेतली. खोल पाण्यामुळे महासागरी जहाजे थेट गिरणीच्या धक्क्याला लागत आणि कापलेले लाकूड तेथूनच आशियाकडे रवाना होई. कामगारांसाठी बांधलेल्या घरांची वस्ती डॉलर्टन म्हणून ओळखली जाऊ लागली. येथील व्यवसाय त्यांचे ज्येष्ठ पुत्र मेलव्हिल यांच्याकडे होता. गिरणी कालांतराने बंद पडली, पण वस्तीचे नाव टिकले. इ.स. १९४० च्या दशकात इंग्रजी कादंबरीकार माल्कम लाउरी येथील खाडीकाठच्या झोपडीत राहत होते. त्यामुळे डॉलर्टनला साहित्याच्या इतिहासातही स्थान मिळाले.

कामगारांशी संबंध

डॉलर स्वतः मजुरी करून वर आले असले, तरी संघटित कामगार चळवळीचे ते कडवे विरोधक होते. इ.स. १९१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नाविकांचा कायदा संमत केला. या कायद्याने नाविकांना सक्तीच्या सेवेतून मुक्त केले आणि जहाजावरील सुरक्षेचे नियम कडक केले. प्रत्येक विभागातील बहुसंख्य खलाशांना अधिकाऱ्यांची भाषा समजली पाहिजे, अशीही अट त्यात होती. डॉलर यांच्या जहाजांवर कमी वेतनावर काम करणारे चिनी खलाशी मोठ्या संख्येने असत. या कायद्याने अमेरिकी जहाजे परदेशी स्पर्धेत टिकणार नाहीत, असे सांगून डॉलर यांनी त्याला जोरदार विरोध केला. खलाशी संघटनांच्या दृष्टीने मात्र हा कायदा म्हणजे अनेक वर्षांच्या लढ्याचे फळ होते.

इ.स. १९१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी संप केला. संप मोडण्यासाठी शहराच्या व्यापारी मंडळाने जुलै महिन्यात सभा भरवली. तेथे डॉलर यांनी संपकऱ्यांच्या मारहाणीला दुप्पट मारहाणीने उत्तर देण्याचा उघड पुरस्कार केला. नियमित बायबल वाचणारे आणि मद्यास न शिवणारे डॉलर या प्रसंगात कठोर मालक म्हणून पुढे आले. कामगार चळवळीच्या इतिहासात त्यांचा उल्लेख आजही याच संदर्भात येतो.

पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जहाजसेवा

पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकी सरकारने मोठ्या संख्येने जहाजे बांधायला घेतली होती. त्यांतील अनेक जहाजे युद्ध संपल्यावर तयार झाली आणि ती चालवण्याचा भार सरकारवर पडला. इ.स. १९२३ मध्ये डॉलर यांनी शिपिंग बोर्डाकडून अशी सात प्रवासी-मालवाहू जहाजे विकत घेतली. त्यांची किंमत प्रत्येकी साडेपाच लाख डॉलर, म्हणजे एकूण ३८ लाख ५० हजार डॉलर होती. बांधणीच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. या सर्व जहाजांना अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची नावे होती.

५ जानेवारी, इ.स. १९२४ रोजी प्रेसिडेंट हॅरिसन हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून पश्चिमेकडे निघाले. होनोलुलू, कोबे, शांघाय, हाँगकाँग, मनिला, सिंगापूर, पेनांग, कोलंबो, सुएझ कालवा, इटली व फ्रान्सची बंदरे, न्यू यॉर्क आणि पनामा कालवा असा मार्ग होता. दर पंधरा दिवसांनी एक जहाज सुटे आणि सर्व जहाजे एकाच दिशेने फिरत राहत. प्रवाशाला कोणत्याही बंदरात उतरून पुढच्या जहाजाने प्रवास सुरू ठेवता येई. पुढे इ.स. १९३० च्या दशकात मुंबई बंदरही या मार्गावर आले. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जहाजे त्यापूर्वीही होती, पण ती हौशी प्रवाशांच्या सहलींसाठी असत. प्रवासी, टपाल आणि माल घेऊन वेळापत्रकाने फिरणारी अशी सेवा हे नवे पाऊल होते. ही सेवा बुडीत खाती जाईल, असे भाकीत अनेक जाणकारांनी केले होते. सेवा सुरू झाली तेव्हा डॉलर ऐंशी वर्षांचे होण्याच्या बेतात होते.

इ.स. १९२५ मध्ये डॉलर यांनी आणखी पाच मोठी जहाजे ५६ लाख २५ हजार डॉलरना घेतली. ही जहाजे तोपर्यंत पॅसिफिक मेल ही जुनी, नामांकित कंपनी सरकारच्या वतीने चालवीत होती. जहाजे हातची गेल्यावर त्या कंपनीचा पॅसिफिकवरील कारभार आटोपला. इ.स. १९२८ च्या कायद्याने टपाल वाहतुकीसाठी घसघशीत सरकारी मोबदला आणि नव्या जहाजांसाठी स्वस्त कर्ज उपलब्ध झाले. त्याच्या आधारे प्रेसिडेंट हूवर आणि प्रेसिडेंट कूलिज ही दोन आलिशान जहाजे बांधण्यात आली. त्यांचे जलावतरण अनुक्रमे डिसेंबर १९३० आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. पहिल्याचे नामकरण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लू हूवर यांनी, तर दुसऱ्याचे ग्रेस कूलिज यांनी केले. अमेरिकेत तोवर बांधलेल्या सर्वांत मोठ्या प्रवासी जहाजांमध्ये त्यांची गणना होई. परंतु जागतिक महामंदी सुरू झालेली होती आणि या जहाजांसाठी काढलेले कर्ज कंपनीला पुढे जड गेले.

व्यक्तिगत जीवन आणि दानधर्म

डॉलर प्रेस्बिटेरियन पंथाचे निष्ठावान अनुयायी होते. मद्यपानाला त्यांचा ठाम विरोध होता. त्यांची राहणी साधी होती आणि उतारवयातही ते रोज कचेरीत जात. रॉबर्ट व मार्गारेट यांना मेलव्हिल, स्टॅन्ली व हॅरल्ड हे तीन पुत्र आणि ग्रेस ही कन्या होती.

इ.स. १९०६ मध्ये त्यांनी सॅन रफायेल येथील एक मोठी हवेली विकत घेतली आणि तिला जन्मगावावरून फॉल्कर्क हे नाव दिले. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क शहरालाही त्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. तेथील आर्नटडेल ही वास्तू व तिच्याभोवतीची जागा त्यांनी शहरासाठी मिळवून दिली. आज ती डॉलर पार्क म्हणून ओळखली जाते. तेथील चर्चला त्यांनी घंटांचा संच दिला. कॅलिफोर्नियातील सॅन अँसेल्मो येथील धर्मशास्त्र विद्यालय आणि चीनमधील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थांनाही त्यांनी साहाय्य केले.

लेखन

चीनच्या दौऱ्यांतील नोंदींवर आधारलेली त्यांची रोजनिशी इ.स. १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या आठवणींचा पहिला खंड इ.स. १९१७ मध्ये निघाला आणि नंतर पुढील खंड आले. इ.स. १९३१ मध्ये आगबोटींच्या इतिहासावरील त्यांचे पुस्तक प्रकाशित झाले. त्यांची शैली साधी आणि व्यवहारी आहे. लाकूडतळावरील जीवन, नदीतून ओंडके नेण्याची पद्धत, जहाजभाड्याचे हिशेब आणि चिनी बंदरांतील व्यापार यांच्या वर्णनांमुळे अभ्यासकांना या आठवणी उपयोगी पडतात. कामगार आणि स्पर्धक यांची बाजू मात्र त्यांत फारशी आढळत नाही.

मृत्यू आणि कंपनीचे भवितव्य

१६ मे, इ.स. १९३२ रोजी सॅन रफायेल येथे वयाच्या ८८ व्या वर्षी न्यूमोनियाने डॉलर यांचे निधन झाले. कंपनीची सूत्रे त्यांचे पुत्र स्टॅन्ली यांच्याकडे गेली.

पुढील काळ कठीण ठरला. महामंदीमुळे व्यापार घटला. सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने टपाल कंत्राटांची चौकशी केली. सरकारी मदतीवर चालणाऱ्या कंपनीतून डॉलर कुटुंबीयांनी मोठ्या रकमा घेतल्याचे या चौकशीत पुढे आले. इ.स. १९३६ च्या कायद्याने जुनी टपाल कंत्राटे संपुष्टात आली. ११ डिसेंबर, इ.स. १९३७ रोजी प्रेसिडेंट हूवर हे जहाज तैवानजवळच्या एका बेटावर खडकांत रुतले आणि निकामी झाले. इ.स. १९३८ मध्ये कर्जबाजारी कंपनीचे नियंत्रण सरकारकडे गेले आणि तिचे नाव अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्स झाले. धुरांड्यांवरील डॉलरचे चिन्ह जाऊन तेथे गरुड आला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची वाहतूक करणारे प्रेसिडेंट कूलिज हे जहाज २६ ऑक्टोबर, इ.स. १९४२ रोजी एस्पिरितु सान्तो बेटाजवळ स्वपक्षाच्याच सुरुंगांवर आदळून बुडाले. जहाजावरील पाच हजारांहून अधिक लोकांपैकी जवळजवळ सर्व जण वाचले. आज ते अवशेष पाणबुड्यांमध्ये प्रसिद्ध आहेत.

कंपनीचे शेअर सरकारला विकले होते की केवळ तारण दिले होते, या प्रश्नावर डॉलर कुटुंब आणि सरकार यांच्यात दीर्घकाळ खटला चालला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इ.स. १९५२ मध्ये तडजोड झाली. शेअरांचा लिलाव करून आलेली रक्कम दोन्ही पक्षांत वाटण्यात आली आणि कंपनीवरील डॉलर कुटुंबाचा हक्क कायमचा संपला.

वारसा

मिशिगनमधील डॉलरव्हिल, ब्रिटिश कोलंबियातील डॉलर्टन, स्कॉटलंडमधील डॉलर पार्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतील कंपनीची कचेरी असलेली रॉबर्ट डॉलर इमारत यांतून त्यांचे नाव टिकून आहे. सॅन रफायेलमधील हवेली पाडण्याचा घाट इ.स. १९७० च्या दशकात नागरिकांच्या प्रयत्नांमुळे फसला. शहराने ती विकत घेतली आणि आता तेथे सांस्कृतिक केंद्र चालते.

डॉलर यांच्या कारकिर्दीकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. कर्जफेड, चिकाटी आणि अखंड उद्योग यांमुळे ते स्वकष्टाने वर आलेल्या स्थलांतरिताचे उदाहरण ठरतात. दुसरीकडे, त्यांच्या संपत्तीमागे पुन्हा न उगवलेली प्राचीन जंगले, अल्प वेतनावरील श्रम आणि सरकारने पडत्या भावात दिलेली जहाजे होती, याकडे इतिहासकार लक्ष वेधतात. अनिश्चित भाड्याच्या जहाजांवर अवलंबून राहायचे नाही, या एका लाकूड-व्यापाऱ्याच्या व्यवहारी निर्णयातून पॅसिफिक महासागरावरील नियमित वाहतुकीचे जाळे वाढले. त्या जाळ्याचा वारसा अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्सच्या रूपाने त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशके चालू राहिला.